पडद्याआडची पोल्का

पदनाम: शस्त्रक्रियापूर्व चिंतानिवारण संगीतसेविका, श्रेणी दोन. नाव: लेम्पी कांगस. वय: अठ्ठावन्न. साधन: कान्तेले, अर्थात मांडीवर ठेवून छेडावयाचे तंतुवाद्य, नग एक. अनुज्ञेय लय: मिनिटाला साठ ते ऐंशी ठोके. कर्तव्य: रुग्णास आत नेण्यापूर्वी त्याची भीती व वेदना सुरेल मार्गाने कमी करणे आणि तसे नमूद करणे.

अमेरिकेत सुपीरियर सरोवराकाठच्या त्या गावातल्या तांब्याच्या खाणी कधीच बंद पडल्या होत्या. त्या खणायला फिनलंडहून आलेले फिनिश लोक मात्र राहिले होते, आणि तक्रार न करण्याची त्यांची खोडही. वेदना दहापैकी किती, असं विचारलं की ते ‘दोन’ म्हणतात. पाय मोडलेला असला तर फार तर अडीच.

ओलावी साल्मेलाही सकाळी आठ पस्तीसला ‘दोन’च म्हणाला. वय एकाहत्तर, उभा जन्म रस्त्यावरचं बर्फ हटवणारा ट्रक चालवण्यात गेलेला, खुबा पार झिजलेला. आठ महिने तो खुर्चीत बसून झोपत होता. खाटेशेजारच्या यंत्रावर रक्तदाब एकशे शहाऐंशी. गोळी देऊन झाली होती. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई पडद्यातून डोकावून सांगून गेल्या होत्या: नऊपर्यंत एकशे ऐंशीच्या खाली आला नाही तर घरी. पुढची तारीख पाच महिन्यांनी.

“काय वाजवू?” लेम्पीने तळहाताचा घाम स्कर्टला पुसत विचारलं.

ओलावीने बायकोकडे पाहिलं. साइमा खाटेच्या पायथ्याशी पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली होती. तिच्या चर्चमध्ये नाच हे पाप होतं आणि नाचाचं संगीत हा त्याचा सख्खा भाऊ.

“स्तोत्र वाजव,” साइमाच म्हणाली. “संथ. त्याला तेच आवडतं.”

“हो, तेच,” ओलावी म्हणाला.

लेम्पीने स्तोत्र धरलं. साठ ठोके, नियमाबरहुकूम. दंडावरचा पट्टा फुगला, सुस्कारा टाकून सैल झाला. एकशे ब्याण्णव. तिने आणखी संथ केलं. एकशे सत्त्याण्णव. आठ सत्तेचाळीस झाले होते. बोटं तारांवर, नजर घड्याळावर. या माणसाला आपणच घरी धाडतोय, हे तिला कळत होतं. ओलावी छताकडे अशा नजरेने बघत होता, जणू स्वतःच्याच अंत्यविधीला त्याला पुढची जागा मिळाली असावी.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. नऊ वर्षं नोकरी करून ती आपल्याच फिनिश माणसांना त्यांच्या बायकांसमोर प्रश्न विचारत होती.

“साइमा, तुमची कॉफी राहिली असेल. खाली वेलचीचा पाव ताजा आलाय.”

“मला नकोय.”

“मला हवाय. साखर उतरलीये माझी, हात बघा.”

हात खरंच थरथरत होते. साइमा उठली.

“गेली?” ओलावी कुजबुजला.

“गेली. आता खरं सांगा, किती दुखतंय?”

“नऊ. आणि पोरी, तू मला पुरायलाच निघालीयेस का? नाचाची एखादी पोल्का येते का?”

“पोल्का एकशे वीस ठोक्यांची. मला मनाई आहे.”

“मोजतंय कोण?”

“मशीन.”

“त्याला माझे मोजायला सांगितलेत, तुझे नाही.”

अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये शनिवारी नाचाला वाजते ती पोल्का तिने तारांवर तळवा दाबून, अर्ध्या आवाजात सुरू केली. पांघरुणाखाली ओलावीचा अंगठा हलू लागला. एकशे अठ्ठ्याऐंशी. एकशे एक्क्याऐंशी. आठ छप्पन्न.

पडदा सरकला. हातात कप आणि पाव घेऊन साइमा उभी. लेम्पीची बोटं जागीच गोठली.

“थांबू नकोस,” साइमा म्हणाली. “बेचाळीस वर्षं मी ट्रकमध्ये चढायच्या आत हा रेडिओवरची पोल्का बंद करतो. मी काय बहिरी आहे? मला पार फाटकापासून ऐकू येते.”

पाव लेम्पीपुढे ठेवून ती पाठ फिरवून बसली. म्हणजे तिने काही पाहिलं नव्हतं. लेम्पीने पोल्का पुन्हा धरली. ओलावीने लांब श्वास सोडला. पट्टा फुगला. एकशे चौऱ्याहत्तर.

नऊला डॉक्टरीणबाई आल्या, आकडा बघून मान डोलावली. “काय वाजत होतं मघाशी?”

“स्तोत्र,” साइमा म्हणाली. “जरा घाईतलं.”

ओलावीला आत नेलं. लेम्पीने नोंदवहीत लय ‘साठ’ लिहिली, कर्मचाऱ्यांच्या स्वच्छतागृहात गेली आणि तिला उलटी झाली. गेली नऊ वर्षं, रुग्ण आत गेला की तिला होतेच.