खिडकीबाहेरची हजेरी

परिपाठ संपला होता आणि मी तिसरीच्या वर्गात हजेरी घ्यायला बसले होते. पाचसहा नावं घेऊन झाली असतील, तेवढ्यात आराध्या दारात येऊन उभी राहिली. अंगात घरातला फ्रॉक, पाठीवर दप्तर नाही, केस विंचरलेले नाहीत. "गणवेश कुठे आहे?" हा प्रश्न माझ्या तोंडात तयारच असतो, पण तिचा चेहरा पाहून तो तसाच राहिला. ती उंबऱ्याच्या आत आली नाही. पाठ करून आणल्यासारखं एका दमात म्हणाली, "मॅडम, बाबानं सांगतलं, मले आज गैरहजर लावा. आजी गेली." आणि वळून पळत घरी गेली.

कौतिकाबाई गेल्या हे कळायला मला एक क्षण लागला. पण आत काही हललं ते रमेशच्या निरोपानं. रमेश म्हणजे कौतिकाबाईंचा मुलगा, आराध्याचा बाप. घरात आईचा देह ठेवलेला असताना या माणसानं आठ वर्षांच्या मुलीला शाळेत पाठवलं होतं, आणि तेही गैरहजर लावा एवढंच सांगायला... या एका वाक्यामागे बऱ्याच वर्षांची गोष्ट आहे. त्यात माझी एक चूक आहे. ती लपवून कौतिकाबाईंबद्दल लिहिता येणार नाही.

मी जवाहरनगरची. वडील फॅक्टरीत होते. आमच्या क्वार्टरसमोरून सकाळी फॅक्टरीची बस जायची, आणि ती कोणासाठीही थांबायची नाही. वडिलांनी नोकरीभर ती बस चुकवली नाही आणि आम्हा भावंडांना तापाशिवाय शाळा चुकवू दिली नाही. अशा घरातून मी साकोली तालुक्यात, एकोडीच्या पुढच्या या गावात शिक्षिका म्हणून आले तेव्हा नियम माझ्या बोटांवर होते. सहा ते चौदा वर्षांचं प्रत्येक मूल शाळेत पाहिजे, पाठवण्याची जबाबदारी पालकांची, मूल सलग येत नसेल तर घरी भेट द्यायची, लेखी कळवायचं. आषाढ लागला, रोवणी म्हणजे धानाची लावणी सुरू झाली आणि माझा वर्ग अर्धा रिकामा झाला. मुली तर जवळजवळ दिसेनात. आया धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, रोवायला गेल्या की घरातलं तान्हं सांभाळायचं कोणी, तर दहा-अकरा वर्षांच्या बहिणीनं. मी घरोघर छापील सूचना पाठवल्या. एकाही सूचनेचं उत्तर आलं नाही, तेव्हा मला त्या गावाचा राग आला होता.

उत्तर घेऊन आल्या त्या कौतिकाबाई, आणि त्या दारातून आल्या नाहीत. माझा वर्ग रस्त्याच्या कडेचा, कोपऱ्यातला. बायांची रोवणीची टोळी रोज हजेरीच्या वेळेला तिथूनच बांधीकडे जायची. त्या टोळीच्या पुढारी कौतिकाबाई. कोणाची बांधी कोणत्या दिवशी रोवायची ते त्याच ठरवायच्या. त्या दिवशी बाकीच्या बायांना पुढे पाठवून त्या माझ्या खिडकीशी थांबल्या. डोक्यावर मेणकापड, लुगड्याचा काष्टा, आणि हातात माझी सूचना.

"हे कायचा कागद होय, मॅडम? वाचून दाखवा."

मी वाचून दाखवला. त्यांनी मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकला.

"बराबर आहे," त्या म्हणाल्या. "पण लहान लेकरू कोणाजवळ ठेवा लागते, ते नाही लेहलं याच्यात."

मला तो टोमणा वाटला. मी काहीतरी फटकळ बोललेही असेन. त्या मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबल्या आणि विचारलं, "आज कोण नाही?" मी गैरहजरांची नावं वाचली. त्यांनी प्रत्येक नावासरशी एक बोट मुडपलं आणि निघून गेल्या. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी त्यातल्या चार मुली वर्गात होत्या.

काय केलं होतं ते मला नंतर कळलं. ज्यांना आता वाकून रोवणं होत नव्हतं अशा तीन म्हाताऱ्या त्यांनी मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर बसवल्या आणि टोळीतल्या सगळ्या बायांची तान्ही लेकरं तिथे गोळा केली. हा झाला सोयीचा भाग. दुसरा भाग कडक होता. ज्या घरचं मूल न सांगता शाळेत गैरहजर, त्या घरची बांधी सगळ्यांच्या शेवटी रोवायची. धान पिकवणाऱ्याला याची भीती सांगावी लागत नाही. पऱ्ह्याचे, म्हणजे रोपाचे, दिवस उलटले, रोप वाफ्यातच म्हातारं झालं, की नंतर कितीही जीव लावा, त्याला फुटवे धरत नाहीत. आधी सांगितलं तर माफ. ताप आहे, मयत आहे, मामाकडे लग्न आहे, काहीही असो, पण शाळेत येऊन सांगायचं. गावात पुष्कळ कुरकुर झाली. एक शेतकरी तर माझ्यासमोरच त्यांच्याशी भांडायला आला. शाळेचा आणि धानाचा काय संबंध, असं त्याचं म्हणणं. कौतिकाबाई शांतपणे म्हणाल्या, "संबंध नाही कसा? दोन्हीकडे बाईच वाकते." तो पुटपुटत गेला, पण दुसऱ्या दिवसापासून त्याची मुलगी वर्गात दिसली.

मग ती रीतच पडली. शाळेचा प्रभार माझ्याकडे आला होता, त्यामुळे सगळ्या वर्गांच्या गैरहजरांची चिठ्ठी माझ्या टेबलावर यायची. खिडकीतून प्रश्न यायचा, "आज कोण नाही?" आणि मी वाचायची. त्यांना थोडं कमी ऐकू यायचं म्हणून मोठ्यानं वाचायची. रोवणी संपली तरी त्या थांबत. कापणीत थांबत. चैत्रात पहाटे मोहफूल वेचायला गेलेली मुलं उन्हं चढली तरी जंगलातून परत येत नसत, तेव्हाही थांबत. खिडकीच्या चौकटीवर त्यांचे चिखलाचे हात उमटायचे, आणि पहिल्या वर्षी ते डाग पाहून मी नाक मुरडत असे, हेही कबूल करते. पुढे त्या डागांची इतकी सवय झाली की सुट्टीनंतर शाळा उघडली आणि चौकट कोरी दिसली की चुकल्यासारखं वाटे.

आणि मग ते वर्ष आलं. कौतिकाबाईंची मोठी नात प्रणाली माझ्याकडे सातवीत होती. हुशार, थोडी अबोल. उन्हाळ्यात तिला बहीण झाली होती. तीच ही आराध्या. रोवणी सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी प्रणाली आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वर्गातल्या मुलींनी सांगितलं की ती घरी बाळ घेऊन बसते. रमेशचं म्हणणं, आमचं तान्हं देवळात म्हाताऱ्यांच्या हवाली करायचं नाही. कौतिकाबाई टोळी घेऊन सगळ्यांच्या आधी घराबाहेर पडायच्या, त्यांना घरातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी खिडकीतून विचारलं, "आज कोण नाही?" आणि मी... मी नावं वाचली आणि प्रणालीचं गाळलं.

का गाळलं? तेव्हा मी स्वतःला सांगितलं की या बाईंनी गावातली एवढी मुलं शाळेत आणली, त्यांचीच मान गावासमोर कशाला खाली घालायची. दोन दिवसांत येईल पोरगी. तोंडी गाळलं म्हणून मग रजिस्टरमध्येही हजर लावलं. दोन दिवसांचे नऊ दिवस झाले. नियम बोटांवर मिरवणारी मी, नऊ दिवस खोटी हजेरी लावत राहिले आणि त्याला आदर समजत राहिले.

दहाव्या दिवशी कौतिकाबाईंच्या पायाला बांधीत काचेचा तुकडा लागला. चिंधी बांधायला म्हणून त्या दुपारी घरी गेल्या, आणि ओसरीवर बाळाला पाय लांब करून झोपवत बसलेली प्रणाली त्यांना दिसली. तिथून त्या तशाच लंगडत शाळेत आल्या. खिडकीशी उभ्या राहिल्या आणि नेहमीच्याच आवाजात विचारलं, "आज कोण नाही?"

मी चिठ्ठीवरची दोन नावं वाचली.

"अन आमची?"

मी म्हटलं, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त थकल्यासारख्या दिसल्या. "मॅडम, मले वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या कागदात काय लेहलं, मले काय समजते? मले तुमच्या आवाजावरच चाला लागते. तो बी खोटा निघाला तं मंग मी कोणाले इचारू?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला असं कोणी बोललं नाही, आणि असं बोलणं खावं लागेल असंही दुसरं काही मी केलं नाही. त्या दिवशी मी ते नऊ दिवस रजिस्टरमध्ये दुरुस्त केले, खाली सही केली आणि वर कळवलं. लेखी समज मिळाली. ती मला फारशी लागली नाही. लागलं ते पुढचं. त्या वर्षी कौतिकाबाईंची बांधी टोळीनं सगळ्यांच्या शेवटी रोवली. बायांनी खूप विनवलं. चूक मॅडमची, तुम्हाला तर ठाऊकच नव्हतं, असंही म्हणून पाहिलं. त्या ऐकेनात. पऱ्हे पिवळे पडले होते. दिवाळीच्या आधी गावभर धान लोंबीला आलं तेव्हा त्यांची बांधी रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ओळखू यायची, इतकी विरळ होती. रमेश आईशी कितीतरी दिवस बोलला नाही. शाळेकडे तर त्यानं पाठच फिरवली. त्यानंतर पालकसभेला नेहमी त्याची बायकोच आली. प्रणाली मात्र दुसऱ्याच दिवसापासून वर्गात होती, आणि आराध्या देवळाच्या ओसरीवर, तीन म्हाताऱ्यांच्या मध्ये.

प्रणाली आता साकोलीला कॉलेजात जाते. कौतिकाबाईंनी मला त्या प्रसंगाची आठवण पुन्हा कधी करून दिली नाही. दुसऱ्या दिवशी खिडकीशी आल्या, विचारलं, मी वाचलं, त्यांनी बोटं मुडपली. माझ्या आवाजावर पुन्हा विश्वास टाकायला त्यांनी एक दिवसही घेतला नाही. ते मला आजही पेलत नाही.

या उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. शाळा उघडायच्या आधी मी भेटायला गेले. खाटेवर अगदी एवढ्याशा झाल्या होत्या. बरंच बोलल्या, मध्ये मध्ये दम लागत होता. मी इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं, की हे सगळं तुम्ही का करत राहिलात. त्या छताकडे पाहत म्हणाल्या, "मी बी दुसरीत होतो मॅडम. भाऊ झाला, मंग मले घरी ठेवलं. त्याले कडेवर घेऊन मी तलावाच्या पाळीवर बसो. शाळा तिथूनच दिसे. गुरुजी हजेरीत माहं नाव घेत, मले आयकू ये. मी पाळीवरूनच 'हजर' म्हणो..." मग म्हणाल्या, "एक दिवस नाव घेनंच बंद झालं."

बाहेर रमेश ट्रॅक्टरला काहीतरी करत होता. त्याच्या हातातल्या पान्याचा आवाज मधेच थांबला होता. त्यानं ऐकलं असावं. मी निघाले तेव्हा त्यानं वर पाहिलं नाही. कौतिकाबाईंनी मला दारापर्यंत ऐकू जाईल एवढंच म्हटलं, "येत्या रोवणीत कोण थांबल आता खिडकीजवळ..." ते विचारणं होतं की नुसतंच बोलणं होतं, मला कळलं नाही. खोटा धीर त्यांना पुन्हा द्यायची माझी हिंमत नव्हती. शाळा उघडून आठवडा झाला असेल, तोवर त्या गेल्या.

आता रोवणी सुरू झाली आहे. टोळी खिडकीवरून जाते, बाया हात करतात, पण थांबत नाहीत. कौतिकाबाईंच्या जागी थांबायला अजून कोणी धजत नाही. पहिल्या आठवड्यातच पाचवीतली एक मुलगी यायची थांबली, मग चौथीतली एक. मी घरी जाऊन आले. उद्या पाठवतो म्हणाले, पण पाठवलं नाही. एवढ्या वर्षांची रीत एका बाईबरोबर जाणार, असं मला वाटायला लागलं होतं, आणि त्याची भीती वाटत होती.

परवा सकाळी पाऊस भुरभुरत होता. चिठ्ठी टेबलावर आली. मी सवयीनं खिडकीकडे तोंड केलं आणि दोन्ही नावं वाचली. खिडकीत कोणीच नव्हतं. तिसरीची मुलं माझ्याकडे पाहायला लागली, तशी मला लाज वाटली आणि दुसऱ्या नावाला माझा आवाज आपोआप खाली आला. चिठ्ठी घडी करून ठेवणार, तोच आराध्या म्हणाली, "मॅडम, बाबा."

शाळेच्या कुंपणापलीकडे रस्त्यावर रमेश उभा होता. मागे ट्रॅक्टर, गुडघ्यापर्यंत चिखल. किती वेळ उभा होता कोण जाणे. इतक्या वर्षांत तो शाळेच्या इतक्या जवळ आलेला मी पाहिला नव्हता. त्याची नजर माझ्यावर नव्हती, खिडकीच्या चौकटीवर होती.

"मॅडम," तो म्हणाला, "थोडं जोरानं वाचा. कुंपणापासून आयकू येत नाही. बाया बांधीत वाट पाहून राहिल्या."

मी उठून खिडकीशी गेले आणि दोन्ही नावं पुन्हा वाचली. त्यानं एकेका नावाला एक बोट मुडपलं.