आईने उघडलेलं पान

आमच्या आईचा देवावर इतका भरवसा होता की तिला कुठलाच प्रश्न अवघड वाटत नसे. पवित्र शास्त्र मांडीवर घ्यायचं, डोळे मिटायचे, मधलंच कुठलंतरी पान उघडायचं आणि त्यावर बोट ठेवायचं. बोटाखाली येईल ते वचन म्हणजे उत्तर. ही रीत तिला तिच्या आईकडून आली होती. माझी शाळा बोटाने ठरली, दादाचं दुसऱ्या शहरात नोकरीला जाणं बोटाने ठरलं आणि माझं लग्नसुद्धा. एकदा फ्रीज घ्यावा का म्हणून बोट ठेवलं तर नेमकी वंशावळ निघाली. अमक्याला तमका झाला, तमक्याला आणखी कुणी झाला. बाबा म्हणाले, "म्हणजे आधी नातवंडं, मग फ्रीज." आईलाही हसू आवरलं नाही.

चर्चच्या पाळकांना हे पसंत नव्हतं. "देवाचं वचन म्हणजे सोडतीचं तिकीट नाही, बाई," असं त्यांनी तिला बजावलं होतं. आई मान खाली घालून "हो" म्हणाली, घरी आली आणि पाळकांचं ऐकावं की नाही यावर बोट ठेवलं. काय निघालं ते तिने आम्हाला सांगितलं नाही, पण रीत चालूच राहिली.

ती मोठ्या इस्पितळाच्या लॉन्ड्रीत कामाला होती. तळघरात. एका दाराने मळलेले कपडे ढकलगाडीतून आत यायचे, दुसऱ्या दाराने धुतलेले बाहेर जायचे, आणि या दोन दारांच्या मध्ये आईची एकतीस वर्षं गेली. रक्त, औषधं, ओकाऱ्या, काय काय त्या चादरींवर असायचं. शेवटी चादर एका लांबलचक तापलेल्या रोलरमधून सपाट होऊन यायची आणि तिथे दोघी बायका उभ्या असायच्या. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची आणि चालत एकमेकींकडे यायचं. टोकाला टोक लागलं की एकीने घडी घ्यायची, दुसरीने खालची कड उचलायची. मग पुढची चादर. पाळीला सहाशे तरी व्हायच्या.

आईच्या समोरच्या टोकाला सव्वीस वर्षं एकच बाई होती, आपा. आईपेक्षा दोन वर्षांनी मोठी, नमाजाला चुकत नसे आणि तोंडाने फटकळ. यंत्रांच्या घरघरीत लांबून बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून दोघी जवळ आल्या की एक वाक्य बोलायच्या, परत लांब जायच्या. एक गोष्ट पुरी व्हायला वीस-वीस चादरी लागायच्या. मी कॉलेजात असताना आईचा विसरलेला चष्मा द्यायला तिथे गेले होते, तेव्हा त्यांचं असंच काही चाललं होतं. आई सांगत होती, एलीया संदेष्टा जीव वाचवायला पळाला आणि थकून एका झुडपाखाली बसला. चादर. म्हणाला, देवा, पुरे झालं, आता माझा जीव घे. चादर. देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, दूताच्या हाताने भाकर-पाणी पाठवलं, परत झोपू दिलं. चादर. आणि मग म्हणाला, ऊठ, खा, वाट लांबची आहे.

आपा म्हणाली, "आमच्या कुरआनात मूसा नबी असेच पळून आलेले. परक्या मुलुखात दोघी बहिणींच्या मेंढरांना पाणी पाजलं आणि सावलीला बसले." चादर. "म्हणाले, ए मालिक, तू जे काही भलं पाठवशील, त्याची मला गरज आहे." चादर. "तेवढंच. काय पाहिजे तेसुद्धा सांगितलं नाही."

"म्हणजे तुमचाही सावलीतच बसला," आई म्हणाली.

"सगळे सावलीतच बसतात. आपल्यालाच स्टूलसुद्धा मिळत नाही," आपा म्हणाली.

तेव्हा मला दोघींचं कौतुक वाटलं होतं. आता त्या स्टुलाची आठवण झाली की जीव जळतो.

आईच्या छातीत गाठ सापडली तेव्हा बाबांना अर्धांगवायू होऊन सात वर्षं झाली होती. उजवी बाजू गेलेली, बोलणं समजायचं पण अडखळत. आई पहाटे उठून त्यांना पुसायची, कूस बदलायची, त्यांची चादर हाताने धुवायची, भरवायची आणि सहाला कामावर हजर व्हायची. शेजारीण मधून मधून डोकावायची. दुपारी परत येऊन पुन्हा पहिल्यापासून. इस्पितळात सहाशे आणि घरी एक, पण घरचीच जड जायची, असं ती एकदाच म्हणाली होती. मी त्याच शहरात, बसने चाळीस मिनिटांवर राहत होते. दादा लांब राहायचा आणि फोनवर फार मायाळू होता. आईने सगळं छान सांभाळलंय, असं आम्ही दोघंही चारचौघांत सांगायचो.

गाठ आधी आपाच्या लक्षात आली. आईच्या बाजूची कड खाली यायला लागली, घडी तिरपी बसायला लागली. आपाने विचारलं, हात का उचलत नाहीस? काखेत ओढतं, आई म्हणाली. आपाने तिला त्याच पाळीत, एप्रनसकट, वर सर्जन बाईंकडे नेलं. आठवड्याभरात तपासण्या झाल्या. सर्जन बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "वेळेवर आलात. तीन आठवड्यांच्या आत ऑपरेशन करू. त्यानंतर दीड महिना या हाताने काही उचलायचं नाही, मग बाकीचे उपचार. तुमच्यासारख्या बऱ्याच बायका आज नीट हिंडत-फिरत आहेत." तारीखही देऊन टाकली.

त्यानंतरच्या रविवारी आईने शास्त्र मांडीवर घेतलं. मी समोर, दादा फोनवर, बाबा खाटेवरून बघत होते. तिने डोळे मिटले, पान उघडलं, बोट ठेवलं आणि मला म्हणाली, "वाच गं."

मी वाचलं. यशया संदेष्ट्याचं वचन होतं. माघारी फिरा आणि स्वस्थ राहा, म्हणजे वाचाल. शांत राहण्यात आणि भरवशातच तुमचं बळ आहे, असा त्याचा अर्थ.

"झालं तर," आई म्हणाली. "ऑपरेशन नाही. स्वस्थ राहायचं."

फोनवर दादा म्हणाला, "आई, तुझी श्रद्धा आहे तर आम्ही काय बोलणार?" मीही तेच म्हणाले, थोड्या वेगळ्या शब्दांत. बाबा डाव्या हाताने खाटेची कड बडवत होते. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, पण शब्द जुळेनात. आईने त्यांचा हात धरून खाली ठेवला आणि चहा टाकायला उठली.

आपाला कळलं तेव्हा ती पाळी संपवून तडक घरी आली. मी तिथेच होते. चप्पलसुद्धा न काढता दारातून म्हणाली, "काय ऐकतेय मी?"

"देवाने सांगितलं, आपा."

"देवाने सांगितलं! आमच्यात माणूस काही ठरवायला निघाला की दोन रकात नमाज पढून मालिकाला वाट विचारतो. मीसुद्धा तुझ्यासाठी पढले. पण त्याच्या आधी जाणत्या माणसाला विचारायचं असतं. आपल्यात जाणती ती वरची सर्जन बाई. एकाने पैगंबरांना विचारलं होतं, उंट बांधून ठेवू की अल्लावर भरवसा ठेवून मोकळा सोडू? ते म्हणाले, आधी बांध, मग भरवसा ठेव. तू उंट सोडून दिलास आणि भरवशाच्या गप्पा मारतेस!"

आई हसली. "माझ्याकडे कुठला उंट, आपा?"

"तूच उंट आहेस. बिनअकलेची." आणि आपा रडायला लागली. मी तिला पाणी दिलं. मला वाटलं, परधर्माची बाई, आमच्या वचनात उगाच नाक खुपसते. असं मला खरंच वाटलं, आणि ते मी इथे लिहून ठेवतेय.

तीन आठवडे गेले, तारीख गेली. सर्जन बाईंनी दोनदा माणूस पाठवून बोलावलं, आई गेली नाही. ती कामावर मात्र जात राहिली. स्वस्थ राहायचं असं वचन होतं. पण बाबांची कूस बदलायला, सहाशे चादरी झटकायला वचनाने मनाई केलेली नव्हती. पाचव्या महिन्यात तिला धाप लागायला लागली. मग आम्हीच तिला उचलून नेलं. सर्जन बाईंनी फोटो दिव्यावर धरले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता आणलंत?" एवढंच बोलून त्यांनी फोटो पाकिटात घातले. आणखी बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आई त्याच इस्पितळात वरच्या मजल्यावर सव्वीस दिवस होती; तेवढे दिवस घरी बाबांना शेजारीण आणि मी आळीपाळीने बघत होतो. आपा पाळी संपल्यावर रोज यायची आणि तिची चादर स्वतः बदलायची, परिचारिकेला हात लावू द्यायची नाही. दोघी फार बोलत नसत. एकदा मी आत आले तेव्हा आपा सांगत होती, "मालिक म्हणतो, आम्ही तुमची झोप विसाव्यासाठी केली." आई डोळे मिटून म्हणाली, "आमच्यातही आहे. तो आपल्या लाडक्यांना झोप देतो." त्यानंतर तिसऱ्या दिवशी ती गेली.

दफनाच्या वेळी पाळकांनी मत्तयाच्या पुस्तकातलं वचन घेतलं. कष्ट करणाऱ्यांनो, ओझ्याखाली दबलेल्यांनो, माझ्याकडे या, मी तुम्हाला विसावा देईन. लोकांनी डोळे पुसले. मला संताप आला. असला कसला विसावा देणारा, की ज्याने बाईला ऐन वेळी चुकीचं पान काढून दिलं! पुढचे दोन महिने मी चर्चची पायरी चढले नाही. येईल-जाईल त्याला म्हणायचे, माझ्या आईचा घात देवाने केला. लोक हळहळायचे, आणि खरं सांगते, ते हळहळणं मला गोड लागायचं.

मग आईच्या कामाचे कागद आणि तिच्या कपाटातल्या वस्तू आणायला मी लॉन्ड्रीत गेले. आपा आता रोलरवर नव्हती. दुसऱ्या कुणाबरोबर चादर धरणार नाही म्हणून सांगून ती मळलेले कपडे निवडायच्या टेबलावर गेली होती. त्या कामाला कोणी खुशीने जात नाही. मी तिच्याकडेही तेच रडगाणं लावलं. देवाने असं पान का काढावं, वगैरे.

आपाने हातमोजे काढले. "पान देवाने काढलं नाही," ती म्हणाली. "तिने शोधलं. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत पुस्तक घेऊन इथे बसायची. पान सापडलं तेव्हा त्यात दोरा घातला, म्हणजे डोळे मिटून बरोबर उघडेल."

मी विचारलं, "का?"

"का, ते तू मला विचारतेस?"

आता जे मी वर सांगितलं नाही ते सांगते. त्या रविवारच्या आधीच्या सोमवारी आई कामावरून परस्पर माझ्या घरी आली होती. कधी येत नसे. खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "दीड महिना काही उचलायचं नाही म्हणतात. तेवढे दिवस तुझ्या बाबांना इकडे ठेवता येईल का?" मी म्हणाले, मुलीचं परीक्षेचं वर्ष आहे, बाहेरच्या खोलीत खाट मावणार नाही, यांना विचारावं लागेल. बघू. रात्री तिने दादाला फोन केला असणार. तोही म्हणाला असणार, बघू. आपल्याकडे 'नाही' कुणी म्हणत नाही.

"मी म्हटलं होतं, मी येते रोज, त्यांना बघते," आपा सांगत होती. "तर म्हणाली, तू पण थकलीस की, किती जणींनी थकायचं? मी म्हटलं, मग भांड मुलांशी. तर म्हणाली, आज भांडले तर मुलं त्यांच्या बाबांना ठेवून घेतील, पण मी नाही वाचले तर आपण आधी नाही म्हणालो होतो हे त्यांना जन्मभर टोचेल. देवाच्या नावावर घातलं की कुणाच्या अंगावर येणार नाही. मी म्हटलं, अगं, मालिकाच्या तोंडी आपलं बोलणं घालणं पाप आहे. म्हणाली, तो समजून घेईल. तो माझा आहे."

"आणि तुम्ही आम्हाला सांगितलं नाही?"

"तिने शपथ घातली होती. ती गेली, शपथ सुटली." आपाने पुढची गाठोडी ओढली. "तू देवाला शिव्या देत फिरतेस असं कानावर आलं. विसावा देणारा तोच आहे, त्यात खोट नाही. पण तो काही वरून टाकत नाही. एलीयालासुद्धा कुणाच्या तरी हातूनच पाठवला होता. तुझ्या आईचा तुझ्या हातून पाठवला होता. तू पोचवला नाहीस."

मी आईचा एप्रन आणि कागद घेऊन बाहेर आले. दादाला अजून सांगितलेलं नाही. तो फोनवर म्हणतो, आईची श्रद्धा केवढी होती नाही? मी हो म्हणते.

बाबा आता माझ्याकडे असतात. आई गेली त्याच आठवड्यात त्यांना आणलं. सोफा खिडकीखाली सरकवला, चपलांचं कपाट जिन्यात ठेवलं, आणि बाहेरच्या खोलीत खाट मावली. अर्धा तासही लागला नाही.