सुभेदार ‘आहे’ म्हणाले

नोकरीत माझ्यापुढे नाना तऱ्हेच्या फिर्यादी आल्या. कुणाची म्हैस गेली, कुणाचा बांध सरकला, एकाचा तर जावईच घर सोडून गेला होता. पण ‘साहेब, माझा दोस्त शुद्ध बोलला’ अशी तक्रार घेऊन ठाण्यात आलेला माणूस मी एकच पाहिला. निवृत्तीला मोजके महिने उरले होते, तेव्हाची ही सोमवारची सकाळ. अजूनही फोनवर कुणी फार स्वच्छ मराठीत बोलायला लागलं की मला ती सकाळ आठवते आणि मी कान देऊन ऐकतो.

तासगाव आणि पलूसच्या मधल्या पट्ट्यातलं ते गाव. नावं कुणाचीच सांगत नाही, कारण त्यातली बहुतेक मंडळी मला अजून रोज भेटतात आणि धारेवर धरतील. मी मूळचा खंडाळा तालुक्यातला. या गावच्या ठाण्याचा कारभार तेव्हा माझ्याकडे होता. सकाळची हजेरी झाली होती, स्टेशन डायरीवर सही करून मी रात्रीच्या दोन अदखलपात्र तक्रारी निस्तरत होतो. तेवढ्यात दाराशी बसून तक्रारी नोंदवणारा आमचा ठाणे अंमलदार हसू दाबत आत आला.

“साहेब, चाचा आलेत. काय लिहून घेऊ कळंना झालंय. तुम्हीच ऐका.”

चाचा म्हणजे गावातले म्हातारे शिंपी. आमच्या ठाण्यातल्या दोन पिढ्यांच्या वर्द्या त्यांनी शिवल्या. हात थरथरायला लागल्यावर मशीन पोराच्या हवाली केलं आणि स्वतः निवृत्तांच्या मंडळात रमले. ते खुर्चीवर बसले, कानटोपी काढली आणि म्हणाले, “साहेब, सुभेदार ‘आहे’ म्हनला.”

“काय आहे?”

“‘आहे’च म्हनला. ‘प्रकृती ठीक आहे’ म्हनला. वर मला ‘आपन’ म्हनला!”

आता इथे थोडं सांगायला हवं. ग्रामपंचायतीच्या जुन्या वाचनालयात या निवृत्तांचं मंडळ रोज सकाळी सातला भरतं. एक निवृत्त मुख्याध्यापिका, सगळे त्यांना बाईच म्हणतात, चक्क हजेरी घेतात. सुरुवातीला त्यांनी सगळ्यांना ‘हजर’ म्हणायला लावायचा प्रयत्न केला, आणि महिनाभरात हात टेकले. नाव पुकारलं की प्रत्येक जण ‘हाय!’ म्हणून ओरडतो. इकडे ‘आहे’ला ‘हाय’ म्हणतात, म्हणजे ‘मी आहे’ एवढाच त्याचा अर्थ. गैरहजर माणसाला त्याच दिवशी फोन करायचा आणि दुसऱ्या दिवशी घरी जायचं, हा मंडळाचा नियम. या वयात गैरहजेरीला एकच कारण असेल असं नाही, पण बघून आलेलं बरं, असं बाई म्हणायच्या.

हजेरी झाली की सुभेदार बातम्या वाचायचे. फौजेतून निवृत्त झालेला, ताठ कण्याचा, खणखणीत आवाजाचा माणूस. वर्तमानपत्रात काहीही छापलेलं असो, सुभेदारांच्या तोंडून ते गावच्या बोलीतच बाहेर पडायचं. ‘मंत्री म्हंत्यात, पैसा हाय, पन द्यायचा न्हाई.’ मग ते फळ्यावर फसवणुकीची त्या दिवशीची सूचना लिहायचे. मीच एकदा तिथे जाऊन सायबर गुन्ह्यांवर बोललो होतो. माझं तासाभराचं भाषण त्यांनी खडूने दोन ओळींत उतरवलं. माझ्या भाषणापेक्षा त्या ओळी बऱ्या होत्या.

असा माणूस ‘आहे’ म्हणाला. मला हसू आलं आणि थोडा रागही. सोमवारची सकाळ, टेबलावर ढीगभर काम, आणि हे म्हातारे व्याकरणाची तक्रार घेऊन आलेले. पण फिर्यादीला उलट विचारायची सवय अंगात मुरलेली असते.

“भांडण झालं का तुमचं?”

“न्हाई.”

“कधी बोलला?”

“काल आला न्हाई म्हनून फोन केला. म्हनला, ‘माझी प्रकृती ठीक आहे. मी काही दिवस येणार नाही.’ मला वाटलं चेष्टा करतोय. आज घरी गेलो तर दार आतनं बंद. आतनंच म्हनला, ‘आपण जावे.’ साहेब, चाळीस वर्सांत त्यानं मला शिव्या घातल्या, पन ‘आपन’ म्हनला न्हाई.”

“घरात कोण आहे?”

“कोन न्हाई. वैनी लेकीच्या बाळंतपनाला साताऱ्याला. प्वार फौजेत, लांब. आवं साहेब, त्यो वाचून दाखवल्यागत बोलत हुता.”

या शेवटच्या वाक्याला मी खुर्चीतून उठलो. माणूस घाबरला की अडखळतो, रडतो, ओरडतो. पण वाचून दाखवल्यासारखं बोलतो तेव्हा समोर कुणीतरी लिहून दिलेलं असतं. घड्याळात पावणेनऊ झाले होते आणि बँक दहाला उघडणार होती. सुभेदारांची आयुष्यभराची ठेव त्याच बँकेत आहे हे अख्ख्या गावाला माहीत होतं. दुसरा शनिवार आणि रविवार बँक बंद असल्यामुळे कुणीतरी त्यांना दोन दिवस घरात धरून ठेवलंय, हे माझ्या डोक्यात तेव्हा कुठे शिरलं. काहीतरी बिनसल्याचं चाचांच्या त्या बंद दाराशीच लक्षात आलं होतं, फक्त त्यांना ते माझ्या भाषेत सांगता येत नव्हतं.

चाचांना आणि दोन शिपायांना घेऊन मी गेलो तेव्हा सुभेदारांच्या अंगणात मंडळाची आठ-दहा माणसं आधीच उभी होती. बाईही होत्या, काखेत हजेरीवही. मी दार वाजवलं.

“सुभेदार, ठाण्यातून आलोय. दार उघडा.”

खिडकी किलकिली झाली. दोन दिवसांची दाढी वाढलेली, डोळे लाल. रोज सकाळी घोटून दाढी करणारा हा माणूस. मागे टेबलावर तांब्याला टेकवून मोबाईल उभा केलेला होता आणि त्याच्याशेजारी बँकेचं पासबुक.

“आपली ओळख पटवा,” सुभेदार म्हणाले.

“ही वर्दी दिसत नाही का?”

“वर्दी त्यांच्याकडेही आहे.”

“बघा,” चाचांनी मला कोपर मारलं. “‘आहे’!”

मोबाईलमधून हिंदीत कुणीतरी डाफरलं, ‘कौन है? दरवाज़ा मत खोलना।’ आणि सुभेदारांनी खिडकी लावून घेतली.

हा ‘डिजिटल अटके’चा प्रकार होता, खोटे पोलीस व्हिडिओ कॉलवरून माणसाला त्याच्याच घरात डांबून ठेवतात तो. माझं डोकं तडकलं. मी दारावर लाथ घालायच्या बेतात होतो. दाराची कडी जुनी होती, दोन शिपायांत निघाली असती. पण आत पंच्याहत्तरीकडे झुकलेला, दोन रात्री न झोपलेला, आपल्याला अटक झालीय असं मानून बसलेला माणूस होता. मी दार फोडलं असतं तर त्याच्या दृष्टीने त्या खोट्या पोलिसांचंच म्हणणं खरं ठरलं असतं. त्याने जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं तर? पैशापेक्षा मला त्याची धास्ती वाटत होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत वर्दीनेच माझं काम अडवल्याची ती पहिली वेळ.

बाई पुढे आल्या. “साहेब, तुम्ही जरा बाजूला व्हा,” म्हणाल्या. मला. माझ्याच शिपायांसमोर. मी झालो.

बाईंनी पायरीवर उभं राहून वही उघडली, चष्मा सारखा केला आणि वर्गात घ्यावी तशी हजेरी सुरू केली.

“पोस्टमन?”

“हाय!”

“चाचा?”

“हाय!”

एस.टी.तून निवृत्त झालेला चालक होता, त्याला सगळे डेपो म्हणायचे. “डेपो?”

“हाय!”

अंगणात एकेक जण ओरडत होता. शेजारपाजारचे लोक दारात येऊन बघायला लागले. माझा एक शिपाई हसला, मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला.

“सुभेदार?”

आतून काही नाही. बाईंनी वर पाहिलं नाही, आवाजही चढवला नाही. पेन त्या नावावर धरून पुन्हा म्हणाल्या, “सुभेदार?”

आतून मोबाईलमधला माणूस जोरजोरात काहीतरी बोलायला लागला. आणि त्याचं बोलणं तोडत, घोगरा, फुटका, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज आला.

“हाय.”

मग कडी निघाली. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. चाचा तर सरळ जाऊन सुभेदारांच्या गळ्यात पडले. “का रं गड्या, मला ‘आपन’ म्हनतोस व्हय?” एवढंच म्हणत होते आणि रडत होते.

मी मोबाईल उचलला. पडद्यावर वर्दीतला माणूस, मागे झेंडा, समोर स्वच्छ टेबल. टेबलावर एक कागद नाही, चहाचा कप नाही, मागे कुणी भांडत नाही, कुणी रडत नाही. असलं पोलीस ठाणं मी जन्मात पाहिलेलं नाही. मी म्हणालो, “कोणतं ठाणं? गुन्हा रजिस्टर नंबर काय?” तो टोपी सारखी करायला लागला. तोवर चाचांनी डोळे पुसून पडद्यात डोकं घातलं आणि म्हणाले, “साहेब, ही वर्दी नाटकातली हाय. खांद्याची पट्टी बटनावर न्हाई, टीप मारून बसवलीया. काज करायचाबी कंटाळा केलाय मेल्यानं.”

फोन बंद झाला. तेव्हा सव्वानऊ वाजले होते.

पाणी प्यायल्यावर सुभेदार बोलायला लागले. शनिवारी दुपारी फोन आला. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, त्यावर तुमच्या मुलाचाही पत्ता आहे, त्याची नोकरी जाईल, कोर्ट मार्शल होईल. कुणाला सांगितलंत तर आजच त्याला अटक. मोबाईल समोर ठेवून बसा, संडासला जातानाही विचारा. स्थानिक पोलीस सामील आहेत, ते आले तर दार उघडू नका. सोमवारी बँक उघडली की ठेव मोडून ‘सरकारी तपासणी खात्यात’ भरा.

“माझं बोलनं त्यांना कळंना, साहेब. ‘साफ बोलो’ म्हनून वरडायचा. मग कुनाचा फोन आला, कोन दारात आलं, की काय बोलायचं ते पुस्तकातल्या मराठीत लिहून धाडायचा. मी आपला वाचायचो.”

मी विचारलं, “अहो, पण हीच बातमी तुम्ही मंडळात वाचली असेल की.”

“गुरुवारी वाचली. मीच वाचली.” सुभेदार जमिनीकडे बघत म्हणाले. “पन साहेब, बातमीत दुसऱ्याचं प्वार असतंय.”

मग ते स्वतःच म्हणाले, “आनि हुकूम ऐकायची सवय. उभ्या जन्मात वरच्या आवाजात हुकूम आला की पाय जुळायचे. तसंच झालं.” भित्रा माणूस फसतो असं मी आधी भाषणात सांगायचो. त्या दिवसानंतर ते वाक्य मी काढून टाकलं.

पुढचं सगळं रीतसर झालं. सायबर हेल्पलाइनला कळवलं, बँकेच्या व्यवस्थापकाला सावध केलं, फिर्याद घेतली, जबाब नोंदवला, मोबाईलमधले संदेश जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे पाठवले. ज्याने स्वतःचं खातं त्या टोळीला वापरायला दिलं होतं तो परराज्यातला इसम काही आठवड्यांत सापडला. वर्दीतला माणूस मी निवृत्त होईपर्यंत सापडला नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. पण सुभेदारांची ठेव जागची हलली नाही आणि मुलाला यातलं काही कळायच्या आत वडील सुखरूप होते. त्या संध्याकाळी कित्येक दिवसांनी मी वेळेवर घरी गेलो आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

एक गोष्ट मात्र राहिली होती. मंगळवारी सुभेदार मंडळात गेले नाहीत. बुधवारीही नाहीत. नियमाप्रमाणे चाचा घरी गेले, मला मुद्दाम बरोबर घेऊन. सुभेदार म्हणाले, “लोकास्नी सावध करनाराच फसला. आता कुठल्या तोंडानं फळ्याला हात लावू?”

चाचा भडकले. “मग कुनी लावायचा? आमी कोन अटकेत हुतो का? दोन दिस अटक भोगलेला मानूस आमच्यात तूच हायस रं. तुझ्याइतका अनुभव कुनाला हाय?”

सुभेदार आधी रागावले, मग त्यांना हसू फुटलं. शनिवारनंतर पहिल्यांदाच हसत होते. गुरुवारी फळ्यावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं, ‘पोलीस फोनवर अटक करत न्हाईत. मला केली हुती, म्हनून सांगतो. खाली सही – सुभेदार.’ त्या आठवड्यात गावातल्या चौघांनी असेच फोन आल्याचं येऊन सांगितलं. आधी लाजेने कुणी तोंड उघडत नव्हतं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. सूचना, फलक, भाषणं हवीतच. पण ऐन वेळी सूचना आठवत नाही, मुलाचं नाव ऐकू येतं. अशा वेळी माणसाला वाचवतो तो त्याचं रोजचं बोलणं ओळखणारा माणूस, आणि आपण आज कुठे आहोत हे विचारणारी एक वही. मी इतकी वर्षं पुरावे गोळा केले, पण ‘आहे’ या शब्दाचा पुरावा मला एका शिंप्याने आणून दिला, आणि मी त्याला जवळजवळ परत पाठवणार होतो. ते आठवलं की अजून लाज वाटते.

निवृत्तीनंतर मी याच गावात राहिलो. मुलगी पलूसला दिलीय, जवळ पडतं. पहिल्याच सोमवारी मंडळात गेलो. बाईंनी वहीत माझं नाव शेवटी लिहिलं होतं. ते पुकारलं गेलं आणि जुन्या सवयीने माझ्या तोंडून निघालं, “उपस्थित आहे.”

सुभेदारांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. चाचांनी शांतपणे चहाचा पेला ठेवला, कानटोपी चढवली आणि चपला शोधायला लागले.

“चाचा, कुठं निघालास रं?” सुभेदारांनी विचारलं.

“ठान्यात.”

मी घाईघाईने ओरडलो, “हाय, हाय! बसा!”