नकाशात हिरवं झालेलं गाव

भूजलाची पुस्तिका माझ्याकडे आली ती मी भूगोलाची मास्तरीण होते म्हणून. निवृत्तीनंतर घरात माशा मारत बसण्यापेक्षा बरं, म्हणून मी हो म्हटलं. नाशिकच्या सरकारी भूजल कार्यालयातले साहेब मजकूर पाठवायचे आणि मी तो माणसांना कळेल असा करायचे. मी 'विंधन विहीर' खोडून 'बोअर' लिहायचे, साहेब पुन्हा 'विंधन विहीर' करायचे. यावरून आमचे खटके उडायचे, पण माणूस मला चांगला वाटायचा. पाण्याविषयी ते तळमळीने बोलायचे. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला, हे लिहितानासुद्धा माझं तोंड कडू होतं.

पुस्तिकेतलं सांगणं साधं होतं. डोंगरउतारावर चर खोदून पाणी जिरवा, पिण्याच्या विहिरीच्या आसपास बोअर मारू नका, उन्हाळ्यात फार पाणी पिणारं पीक घेऊ नका. शेवटच्या पानावर नकाशा होता. जिथे उपसा जास्त तिथे लाल रंग, जिथे पाणी शिल्लक तिथे हिरवा. चांदवडजवळ हमरस्त्यापासून आत असलेलं एक गाव लालात होतं. पुस्तिका वाचून दाखवायला साहेब आणि मी तिथे गेलो.

खंडोबाच्या देवळासमोर लोक जमले होते. पिण्याच्या विहिरीला लागून ज्यांचं शेत होतं, त्या मावशी अगदी पुढे बसल्या होत्या. चर खोदण्यापर्यंत सगळ्यांनी माना डोलावल्या. उन्हाळ कांदा सोडा, हे वाक्य आलं आणि चुळबुळ सुरू झाली. त्या भागात उन्हाळ कांदा सोडा म्हणणं म्हणजे कमावता माणूस घराबाहेर काढा म्हणण्यासारखं आहे. मग मावशीच उठल्या आणि त्यांनी देवळातून बेलभंडाऱ्याची ताटली मागवली.

त्या गावात मोठा शब्द द्यायचा तर बेलभंडारा उचलतात, आणि एकदा उचलला की मागे फिरायचं नाही. पहिल्यांदा मावशींनी उचलला. त्यांच्यामागे घरटी एकेकाने उचलला. विहिरीच्या शिवारात बोअर नाही, उन्हाळ कांदा नाही. सगळ्यांचं झाल्यावर मावशींनी ताटली साहेबांपुढे धरली.

"तुमी बी उचला, साहेब. आमी कांदा सोडला. जे पाणी वाचंल ते आमच्या हिरीचंच राहील, एवढं बोला."

साहेब हसले. सरकारी माणसाला असं काही करता येत नाही, असं त्यांनी समजावलं आणि पुस्तिका उंच धरली. "हे शासनाचं छापील आहे, मावशी. याच्याहून मोठी शपथ कोणती?"

लोकांना ते पटलं. मलाही पटलं. मावशींनी पुस्तिकेवर चिमूटभर भंडारा वाहिला आणि ती देवळातल्या कोनाड्यात, देवाशेजारी ठेवली.

गावाने शब्द पाळला. पहिले उन्हाळे वाईट गेले. मावशींची सून दुसऱ्यांचा कांदा काढायला देवळा तालुक्यात मजुरीला जायची आणि संध्याकाळी सासूशी बोलायची नाही. पण चरांत पाणी मुरत गेलं. मग एका वैशाखात मावशींचा फोन आला. म्हणाल्या, बाई, यंदा हिरीत कळशी बुडती. मी एकटीच घरात रडले. साहेबांना कळवलं तर ते फोटोवाल्याला घेऊन लगेच गावात जाऊन आले.

पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली तेव्हा मजकूर माझ्याकडे तपासायला आलाच नाही. छापून झाल्यावर एक प्रत टपालाने आली. मुखपृष्ठावर पाणी शेंदणाऱ्या मावशी होत्या. मी आधी नकाशा उघडला आणि गाव हिरवं झालेलं पाहून हरखून गेले. मग हिरव्या रंगाचा अर्थ वाचला. या क्षेत्रात भूजल शिल्लक असून नवीन विंधन विहिरींना वाव आहे, असं लिहिलं होतं. पिण्याच्या विहिरीजवळ बोअर नको हे पान मी पुन्हा पुन्हा शोधलं. ते काढून टाकलं होतं.

मी साहेबांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले की जे निकषात बसतं ते हिरवं, आणि वाचलेलं पाणी कुणाच्या तरी उपयोगी पडायला नको का? माझा आवाज चढला. मी त्यांना देवळासमोरच्या ताटलीची आठवण करून दिली.

"कोणती ताटली?" साहेब म्हणाले.

केसाने गळा कापणं कशाला म्हणतात ते मला त्या क्षणी कळलं. त्यांनी भांडण केलं असतं तरी चाललं असतं.

विहिरीजवळच्या ओहोळापलीकडे, नकाशातल्या त्याच हिरव्या पट्ट्यात, शहरातल्या मंडळींची डाळिंबाची बाग उभी राहिली. जमीन शेजारच्या गावची, त्यामुळे बेलभंडाऱ्याचा त्यांच्याशी संबंध नव्हता. बोअरच्या पाण्याने त्यांचं शेततळं काठोकाठ भरलं आणि इकडे विहिरीचा तळ दिसायला लागला. गावाने कांदा सोडून वाचवलेलं पाणी तिकडे डाळिंबाला चाललं होतं.

मी गावात गेले तेव्हा मावशींचा मुलगा चिडून बसला होता. आपणही बोअर मारू, असं तो आईला सांगत होता. मावशी नाही म्हणत होत्या. आपण उचललेलं हाय, एवढंच त्यांचं उत्तर होतं. मी वर अर्ज करते, वर्तमानपत्रात लिहिते, असं बरंच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग मला देवळात नेलं आणि कोनाड्यातली जुनी पुस्तिका काढून माझ्या हातात दिली.

"ही घेऊन जा, बाई. देवाजवळ नाय ठेवता येत आता."

मी ती घेतली आणि निघाले. पायरी उतरताना त्या मागून म्हणाल्या, "त्या दिवशी तुमच्यापुढं ताटली नाय धरली मी. म्हणलं, बाई आपल्याच हायेत."

धरली असती तर मी उचलला असता. पण ते आता सांगण्यात काही अर्थ नव्हता. मी पुस्तिका पिशवीत टाकली आणि एसटीच्या रस्त्याला लागले.