सरकीतली पावलं

"चाचा, अब्बा गेले." परतूरहून अन्वरच्या मुलीचा, शबानाचा, फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून खुर्चीत बसलो. महिना होऊन गेला. तेव्हा रडू आलं नाही, लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही...

अन्वर माझा शाळेपासूनचा मित्र. शिलाईचं दुकान त्याचं. मी रेडिओसाठी श्रुतिका लिहायचो आणि तो त्यांतले आवाज करायचा. दाराचा, रहाटाचा, पावलांचा. घमेल्यात सरकी भरायची, दोन्ही हातांत जुने बूट घालायचे आणि सरकीवरून माणूस चालवायचा. कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या खुनाच्या आमच्या श्रुतिकेत आंधळा रखवालदार खुन्याला ओळखतो, ते त्याच्या लंगड्या पावलांवरून. ती ऐकून लोकांच्या अंगावर काटा यायचा. भेटले की मला म्हणायचे, "गोष्ट ठीक हाय, पण ती पावलं! बिलकुल खरी!" मी हसायचो, आणि आतून जळायचो.

पुढे एका दिग्दर्शकाने त्या श्रुतिकेवर सिनेमा काढला. अमेरिकेत म्हणे रेडिओच्या नाटकांवरून असे अंधारे, स्वस्तातले रहस्यपट निघायचे. तेवढंच त्याचं भांडवल. परतूरच्या एका बंद जिनिंगमध्ये भर दुपारी खिडक्यांना ताडपत्र्या लावून अंधार केला. नटाला धड लंगडता येईना. मग पडद्यावर पाय अन्वरचे, आणि पावलांचा आवाजही अन्वरचाच. दुकान बंद ठेवून तो रोज यायचा. "मला काही नको," म्हणाला, "पोरीला पडद्यावर माझं नाव दिसू दे, बस."

शेवटी द्यायच्या नावांची यादी मी केली. तीत ताडपत्रीवाला होता, चहावाला होता. अन्वर नव्हता. पहिल्या खेळाला तो लहानग्या शबानाला मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसला होता. नावं वर सरकत राहिली. "अब्बा, कब आएगा?" पोरगी विचारत होती. मग पडदा पांढरा झाला.

"अरे, विसरलोच मी!" मी म्हणालो.

तो शांतपणे म्हणाला, "तू कधी काही विसरला न्हाईस. म्हणून तर लेखक झालास."

त्यानंतर त्याने माझ्या एकाही श्रुतिकेला हात लावला नाही. मी परतूरला गेलो आणि रस्त्यात भेटला की तब्येत विचारायचा, तेवढंच. आज नको, उद्या माफी मागू, असं करत मी बारा वर्षं घालवली. आता छापतोय, की ती पावलं अन्वरची होती... वरातीमागून घोडं!

परवा शबाना घमेलं घेऊन आली, सरकी आणि बुटांसकट. "अब्बांनी सांगून ठेवल्तं, हे चाचाला द्या." ती गेल्यावर मी बूट हातांत घातले आणि सरकीवरून चालवून पाहिले.

स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "काय सांडलं हो?"