टेपवर उमटत नव्हता तो शब्द

आईच्या गळ्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी पुण्यात होतं आणि त्या संध्याकाळच्या एसटीने निघायचं होतं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. गाठ निघेल, आवाजाचं काही सांगता येत नाही, म्हणाले. आणि आईची गाणी कुठेच उतरवलेली नव्हती. तिने स्वतः रचलेली, विहारात वंदनेनंतर म्हणायची. सगळी तिच्या डोक्यात आणि गळ्यात. त्यातल्या गळ्यालाच आता सुरी लागणार होती.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. मी सुप्याच्या एका कारखान्यात सोल्डरिंग करायचे. पगारातून जुना टेपडेक आणि माईक घेतला होता. श्रीगोंद्याच्या आमच्या घरात मागच्या खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या आणि त्याला मी स्टुडिओ म्हणायचे. आई म्हणायची, "कसला स्टुडिओ? गोधड्या वाळत घातल्यात नुसत्या." डेकची घरघर माईकमध्ये येऊ नये म्हणून डेक स्वयंपाकघरात, वायर दाराखालून आणि दार बंद. आई आत, मी बाहेर हेडफोन लावून. वडील अंगणात, कोंबड्या आणि येणारीजाणारी माणसं थोपवायला. चार वाजता लाईट जाणार हे ठरलेलं.

बाकीची गाणी सरळ झाली. अडलं ते एकच, सगळ्यांत चांगलं. त्याच्या ध्रुपदात दुसऱ्या ओळीला आवाज गपकन जायचा. एक शब्द नाहीसा, आणि पुढचा शब्द पुन्हा खणखणीत. कॅसेटवर डाग असेल म्हणून कॅसेट बदलली. तरी तेच. डेकचं हेड स्पिरिटने पुसलं. तेच. मग माझा वायरीवर संशय बसला. जॅक उघडला, टाका काढून नवा मारला, घाईत बोट भाजून घेतलं. आईला दारातून ओरडले, "हां, म्हण आता!" तिने म्हटलं. दुसरी ओळ आली आणि तिथेच खड्डा.

तेवढ्यात रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, टेप लावून, ढणाढणा. ते रेकॉर्डिंग असंही वाया गेलं असतं, पण माझं डोकं फिरलंच. "मेल्या वायरीला आजच मरायचं होतं!" मी पकड आपटली. हेडफोनमध्ये आईच्या बांगड्यांची किणकिण तेवढी आली. एरवी अशी आदळआपट केली की ती मला सोडत नाही.

घड्याळाकडे बघवत नव्हतं. शेवटी मी आत गेले, आईला बाजूला केलं आणि माझ्या भसाड्या आवाजात तीच ओळ माईकमध्ये म्हटली. बाहेर येऊन ऐकली. सगळी ओळ आली होती, एक अक्षर गळलं नव्हतं. म्हणजे वायर, डेक, कॅसेट, सगळं धडधाकट!

मग डेक तसाच चालू ठेवून मी आईच्या समोर जाऊन उभी राहिले आणि तिला म्हणायला लावलं. दुसऱ्या ओळीला तिने ओठ मिटले. मिटलेल्या ओठांनी तो शब्द गिळला आणि पुढे गेली.

"आई! तू गिळतेस होय शब्द? आणि मी मघापासून वायर सोलतेय!"

"मला काय ठावं, वायरीचं बी काय आसंल," ती पदराशी चाळा करत म्हणाली. मग हळूच, "त्येंचं नाव हाय ते."

उजेडाला दुसरा जो शब्द आहे, तेच माझ्या वडिलांचं नाव. तिने जन्मात कधी उच्चारलं नव्हतं, म्हणून मीही इथे लिहीत नाही.

"अगं पण विहारात तर ऐकू येतो तो शब्द!"

"मागं चार बाया आसत्यात की. त्या म्हंत्यात."

"जुन्या रूढी मोडा म्हणून गाणी रचतेस आणि स्वतः नाव घेत नाहीस? मग उजेड म्हण."

"चाल मोडती."

"मग घातलास कशाला तो शब्द?"

आई चक्क लाजली. "दुसऱ्यांच्या तोंडनं तरी ऐकावा म्हनून घातला."

माझा राग कुठल्या कुठे गेला, पण घड्याळ काही थांबलं नव्हतं. मी हात जोडले. ती हटेना. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "नाव घेतलं की आयुष्य कमी हुतं म्हंत्यात. खोटं हाय, मला कळतंय. पन उद्या माझं काय व्हायचं ते हू दे, त्येंच्या जिवाला घोर नगं."

आमचा आवाज ऐकून वडील दारात आले होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं. चपला काढून ते आत आले, आईसमोर सतरंजीवर मांडी घालून बसले. "घे नाव," म्हणाले. "मी हितंच बसतो. मला काय हुतंय का ते बघत बघत म्हन."

मी धावत बाहेर गेले, हेडफोन चढवला, बटण दाबलं. चारला थोडाच वेळ उरला होता. आईने सुरुवात केली. पहिली ओळ कापरी आली. दुसरी ओळ आली, आणि तो शब्द आला. स्वच्छ, पुरा, मोकळ्या गळ्याचा.

आणि वडील म्हणाले, "ओ."

लग्नापासून बायकोने नावाने पहिल्यांदा पुकारलं होतं. माणूस ओ देणार नाही तर काय करील! आई थांबली नाही. गाताना तिला हसू फुटलेलं टेपवर कळतं, तरी गाणं तिने शेवटपर्यंत नेलं. मग लाईट गेली.

"बिघडवलं का गं मी?" वडिलांनी अंधाऱ्या खोलीतून विचारलं. मी नाही म्हणाले. एसटीची वेळ झाली होती, पिशव्या भरायच्या होत्या.

ऑपरेशन नीट झालं. गाठ गेली आणि आवाजही गेला. पुढे आई बरीच वर्षं जगली, पण तिच्या गळ्यातून नुसती हवा यायची. वडील शेतात असले की ती बांधावर उभी राहून टाळ्या वाजवायची. ते मान वर करून बघायचे आणि यायचे. ओ मात्र त्यांनी पुन्हा कधी दिली नाही.