लांब दांड्याचा चमचा

आकाराम पाचगणीला चमचे उकळायचा. सकाळी एक पातेलं, दुपारी एक, दिवेलागणीला एक. डोंगराच्या कडेला क्षयाचा दवाखाना होता. मुंबईहून, पुण्याहून, पार कराचीहून माणसं तिथं हवा खायला यायची आणि हवेबरोबर लापशी, अंडी, माशाचं तेल असलं काहीबाही चमच्यानं खायची. ज्याचा त्याचा चमचा वेगळा, दांड्यावर ठोकलेला नंबर. एकाचा चमचा दुसऱ्याच्या ताटात गेला तर मेट्रन आकाशपाताळ एक करायची, आणि तिचं बरोबरच होतं. सात वर्षांत आकारामच्या हातून तसं एकदाही झालं नाही. त्याला चमच्यावरून माणूस कळायचा. चौदा नंबर चमचा चावायचे. नऊ नंबरच्या बाई इतका लख्ख चाटून पाठवायच्या की उकळायचीसुद्धा लाज वाटावी. एखादा चमचा चार-आठ दिवस पातेल्यात आला नाही, तर आकाराम कुणाला काही विचारत नसे. काही दिवसांनी तोच नंबर पुन्हा यायचा, फक्त त्यावर दातांच्या खुणा नसायच्या.

गावाकडं मात्र त्यानं सांगून ठेवलं होतं, "बोर्डिंगात हाय, सायबाच्या पोरांच्या भांडीघरात." खोटं बोलण्याची त्याला हौस नव्हती. पण क्षय हा शब्द तेव्हा कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. ज्या घरात तो शिरला त्या घरची पोरगी कुणी करत नसे, आणि केलेली असली तर कपड्यांच्या गाठोड्यासकट माहेरी आणून सोडत. आकारामला एकच बहीण होती, सुलाबाई. आईबाप लवकर गेले, तेव्हा ती चार वर्षांची होती. यानंच तिला आपल्या ताटात घेऊन घास घातले, यानंच वेण्या घातल्या, त्याही वाकड्या. पुढं वाईपासून दोन कोसांवर चांगल्या घरी दिली. ऊस होता, नवरा नाथाजी पलटणीत होता. फक्त मूल होत नव्हतं. सासूला, बनुबाईला, ती आत्या म्हणायची; तिचे टोमणे तिनं नऊ वर्षं गिळले, आणि शेचाळीस साली तिला मुलगा झाला.

आता चमच्याचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या काळात आमच्या खेड्यांत जेवायला चमचा घेतला कुणी? देवापुढं तीर्थाची पळी, आमटीत डाव, काकवी ढवळायला लाकडी चाटू, संपलं. पाच बोटं असताना माणसानं लोखंड कशाला तोंडात घालायचं? नाथाजीनं लढाईवरून येताना एक काटा आणि एक चमचा हौसेनं आणला होता. बनुबाईनं काटा कोंबड्यांच्या खुराड्याला कडी म्हणून अडकवला आणि चमच्यानं मीठ उकरायला सुरुवात केली. चमचा तोंडाला लागायचा तो दुखण्यात औषधाचा, नाहीतर त्याआधी, उष्टावणाला. उष्टावणाचा चमचा चांदीचा, आणि तो मामानं आणायचा. बाळाला मांडीवर घेऊन पहिला घास मामानंच द्यायचा. सख्खा मामा हयात असताना दुसऱ्याच्या हातून भरवायचं म्हणजे त्याला मेलेला धरायचं, असं बनुबाईच्या घरात मानत. तोवर पोराच्या जिभेला शीतही लागायचं नाही.

मुलगा झाल्याचं पत्र आलं आणि त्याच महिन्यात दवाखान्यात नोकरांच्या छातीचे फोटो काढले. डॉक्टरांनी आकारामचा फोटो खिडकीकडं धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"डाव्या बाजूला डाग आहे, आकाराम. थुंकीतही सापडलंय. लहान मुलांपासून लांब राहायचं. उष्टं कुणाला द्यायचं नाही."

"बरं व्हईल का सायेब?"

"दूध पी. आराम कर."

चौदा नंबरलाही ते हेच सांगायचे, हे आकारामला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मेट्रननं त्याच्या हातात त्याचा स्वतःचा चमचा दिला, एकतीस नंबरचा. काम तेवढं चालू ठेवलं, कारण चमचे शेवटी उकळूनच निघायचे आणि त्या मोरीपाशी उभं राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

सहाव्या महिन्यात नाथाजीचं पत्र आलं, उष्टावणाला या. आकारामनं उलट कळवलं, सुट्टी मिळत नाही, तुम्ही उरकून घ्या. नाथाजीनं लिहिलं, तुमच्याशिवाय कसं उरकायचं, थांबतो. सातवा महिना गेला, आठवा गेला. आकारामनं दोनदा साहेब आजारी पाडला, एकदा घाटात दरड पाडली. शेवटी नवव्या महिन्यात पत्र आलं, त्यात नाथाजीनं बायकोचं बोलणं जसंच्या तसं लिहून काढलं होतं: "दादा, माजं दूध आटलंय. वरचं दूध त्याला पचत न्हाई. आमी जेवाया बसलो की लाळ गाळत ताटाकडं बगतंय. आत्या म्हंत्यात मामा आल्याबिगर न्हाई. पोर वाळत चाललंय. सायबाच्या पाया पड पर ये."

आकाराम ते पत्र हातात धरून मोरीच्या कट्ट्यावर बसला. खरं लिहावं, तर घरात आलेलं पत्र नाथाजी मोठ्यानं वाचायचा आणि पहिली ऐकायची बनुबाई. सुलीला पोरासकट घराबाहेर काढायला तिला एक दिवस पुरला असता. न जावं, तर पोर उपाशी. जावं, तर आपल्या छातीतलं हे त्याच्या तोंडाशी न्यायचं. माणसाला निदान दोन वाटा तरी असाव्यात. याला तीन होत्या आणि तिन्ही त्या पोराच्या अंगावरून जात होत्या.

शेवटी त्यानं एक युक्ती काढली. वाईला जाऊन सोनाराकडून चांदीचा चमचा घडवून घेतला, दांडा चांगला दीड वीत लांब. सोनार म्हणाला, "पोराला भरवायचंय की कढईतली भजी काढायचीत?" आकाराम हसला. मांडीवर घ्यायचं नाही, पाटावर बसवायचं. तोंड बाजूला करायचं, श्वास धरायचा, लांबूनच एक शीत टेकवायचं आणि उठायचं. खोलीत एकटा असताना तो श्वास धरून मनात आकडे मोजायचा. चाळिसापर्यंत खोकला थोपवता येऊ लागला तेव्हा त्यानं सुट्टी मागितली.

सत्तेचाळीसच्या माघात तो सुलीकडं गेला. दारात सुलीनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि त्याच्या पाया पडली. "लय वाळलास रं दादा," ती म्हणाली. "बोर्डिंगात खायाला घालत न्हाईत व्हय?" सोप्यात पाट मांडला होता, भोवती रांगोळी, वाटीत खिरीची वाफ निघत होती. आळीतल्या बायका जमल्या होत्या. आकाराम "पाटावर बसवा" म्हणेपर्यंत कुणीतरी पोर त्याच्या मांडीत टाकलंसुद्धा. नऊ महिन्यांचं पोर, पण मांडीला भार लागेना. त्यानं आकारामच्या मिशीला हात घातला आणि बोळकं पसरून हसलं. तरी आकारामनं मान वळवली, श्वास धरला, लांब दांड्याचा चमचा खिरीत बुडवला आणि बायका फिदीफिदी हसत असतानाच पोराच्या ओठाला टेकवला.

पोर किंचाळलं. खीर गरम होती.

"आरं दादा, आदी वठाला लावून बगायचं न्हवं?" सुली म्हणाली. "लाव, निवली का बग, मंग दे."

यात काही विशेष नव्हतं. घरोघरी हेच करतात. आई, आजी, आत्या, सगळ्या चमचा आधी आपल्या ओठाला लावतात आणि मग बाळाच्या. माया करायची ती हीच रीत. आकारामनं सात वर्षं हजारो चमचे उकळले होते ते ओठाचं काय चमच्यावर येतं ते ठाऊक असल्यामुळंच.

"निवू दे जरा," तो म्हणाला.

"का वं पाव्हणं?" बनुबाई बोलली. "भाच्याची किळस येतीया व्हय?"

सगळ्या हसल्या. थट्टाच होती ती.

"काय तरीच आत्या!" सुली म्हणाली. "मला सोताच्या ताटात जेवू घालून वाडीवलंय त्येनं." आणि तिनं लाडानं त्याचं मनगट धरलं, चमचा त्याच्या तोंडाकडं लोटला. चमचा ओठांपासून दोन बोटांवर आला. पोर रडत होतं, तोंड उघडं होतं. छातीत खोकला वर चढत होता.

"व्हय," आकाराम म्हणाला. "येतीया किळस."

त्यानं चमचा वाटीत ठेवला आणि पोर उचलून तिच्या मांडीवर दिलं. "सायबाच्यात ऱ्हाऊन सवय गेली. तूच भरव."

सुली त्याच्याकडं बघत राहिली. कुणीतरी वाटेत तोंडात मारून निघून जावं आणि का मारलं ते सांगूच नये, तशी. पण पोर रडत होतं. तिनं चमचा उचलला, आपल्या ओठाला लावला, फुंकर घातली आणि त्याला दिला. पोरानं मिटक्या मारल्या आणि पुन्हा तोंड उघडलं. दुसरा चमचा, तिसरा, चौथा. "मामानं टेकीवला हुता, झालं उष्टावन," बनुबाई कोरडेपणानं म्हणाली. आकाराम भिंतीला पाठ लावून पोराचं खाणं बघत होता. असं खाणं त्यानं दवाखान्यात कधी बघितलं नव्हतं. तिथं कुणाला भूकच नसायची.

नाथाजी म्हणाला, "जेवून जावा." पण कुणी ताट वाढलं नाही, आणि आकाराम त्याचं वाईट वाटून न घेता उठला. चार मैलांवरच्या वाईच्या पुढं, घाटाच्या वर त्याच्या ताटाची जागा ठरलेली होती.

उंबऱ्यापाशी सुली आली. डोळे कोरडे होते.

"दादा," ती हळू म्हणाली, "परत येऊ नगंस."

हेच तर त्याला तिला सांगायचं होतं. आता मी येणार नाही, बोलावू नकोस, पोराला पाठवू नकोस. पाचगणीपासून सबंध वाटभर तो हे वाक्य जुळवत आला होता आणि ते त्याला जुळलं नव्हतं.

"व्हय," आकाराम म्हणाला, आणि तोंडावर रुमाल दाबून वाईच्या रस्त्याला लागला.